बेंबी न बसवणारा तांब्या

तृप्तीच्या बेंबीभोवती उमटलेलं लाल वर्तुळ मावळायला वीस मिनिटं लागतात. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात मी ते अनेकदा मोजलं आहे. ते बरोबर माझ्या तोंडाएवढं असतं, कारण ते मीच उमटवतो.

मित्रांनो, मी आष्टीतला एक जुना पितळी तांब्या आहे. जालन्याच्या बाजारातल्या कारागिराने मला ठोकून घडवलं. काही वर्षं मी माझ्या मालकीण द्वारकाबाईंबरोबर शेतात पाणी नेलं. पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी फळीवर काळा पडलो. माझा काठ मात्र कुठेही चेपला नव्हता. तेवढ्यासाठी द्वारकाबाईंनी मला चिंचेने घासून नव्या कामाला लावलं. गावात कुणाचं पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणत. ती बसवायचं ते काम.

बेंबीवर छोटी पणती पेटवून ठेवतात आणि वर मला उपडा घालतात. ज्योत विझते, आतली हवा गार होऊन आकसते, बाहेरची हवा मला पोटावर दाबून धरते आणि कातडी माझ्यात ओढली जाते. बाया म्हणतात, बसली जाग्यावर. मी तिथेच असतो, मित्रांनो. आत काहीही बसलेलं नसतं.

तृप्ती जालन्याला बी.एस्सी. शिकते. गेली तीन वर्षं तिची आई वंदना तिला माझ्याकडे आणते आहे. पेपर जवळ आले की कळा, कधी दिवसातून पाचदा जुलाब, कधी दोन दिवस काहीच नाही. शेजारच्या बेबीनंदाचा टोमणा ठरलेला, "हिचं पोट टाइमटेबल पाहून बराबर दुखतं." पडून राहिल्यावर, द्वारकाबाईंचा हात फिरल्यावर तिला जरा बरं वाटे आणि नाव माझं होई. त्या नावापायी तीन वर्षं कुणी तिला डॉक्टरकडे नेलं नाही. असलं कौतुक मला नको.

गेल्या वर्षी रसायनशास्त्राच्या पेपरात तिने दुसऱ्यांदा बाहेर जायला विचारलं, तेव्हा पर्यवेक्षक सगळ्यांदेखत हसले. ती अर्धा पेपर टाकून घरी आली. कॉलेजात सांगेन, असं ती तेव्हापासून म्हणत होती. सांगत नव्हती.

यंदा मात्र ती एकटीच डॉक्टरकडे गेली. रक्ताच्या, शौचाच्या तपासण्या ठीक निघाल्या. वजन घटलेलं नव्हतं, रक्त पडत नव्हतं. आजाराचं नाव आयबीएस. आतड्याला जखम नसते, पण त्याची हालचाल बिघडलेली असते आणि त्याच्या नसा फार हळव्या झालेल्या असतात. इतरांना जाणवणारही नाही एवढा वायू तिला दुखतो. मेंदू आणि आतडं सतत एकमेकांना निरोप धाडतात, त्यामुळे काळजी पोटात उतरते. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. कशाने दुखतं ते कळावं म्हणून डॉक्टरांनी तिला खाल्लेलं वहीत लिहायला लावलं. तिच्या वहीत उपाशीपोटी घेतलेला दुधाचा चहा सापडला. दुसऱ्या कुणाच्या वहीत दुसरंच काही सापडेल.

पेपर आठ दिवसांवर आला, तरी वंदनाने तिला काल दुपारी पुन्हा आणलंच. द्वारकाबाईंनी काडी ओढली. तृप्ती उठून बसली आणि माझ्या तोंडावर तळवा ठेवून डॉक्टरांचं आणि वहीतलं भराभर सांगत गेली. काडी जळत बोटाकडे सरकली.

"मंग इतके दिवस मी काय करून राह्यले?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"आजी, तुमच्या हातानं बरं वाटायचं. तांब्यानं न्हाई."

द्वारकाबाईंनी काडी फुंकली आणि मला बाजूला सारलं. मी आनंदाने सरकलो.

मित्रांनो, वर्गातून कुणी मध्येच उठलं तर हसू नका. पोट पुन्हा पुन्हा दुखलं तर माझ्यासारख्याला शोधत येऊ नका, डॉक्टरकडे जा. मी पाण्याचा तांब्या आहे. मला पाणी भरू द्या.

तृप्तीने तिथेच कॉलेजला फोन लावला. चार लोकांत पोटाचं काय सांगायचं, असं वंदना पुटपुटत होती. बेबीनंदा दारात येऊन उभी राहिली होती. तृप्तीने आवाज खाली आणला नाही.

"सर, मला आतड्याचा आजार आहे. मला दाराजवळचा बाक पाहिजे. मी पेपरातून दोनदा उठेन, तीनदा उठेन. पण यंदा पेपर पुरा लिहिल्याशिवाय घरी जाणार न्हाई."