कुठले वाहुळे?

माणसाला त्याचं आडनाव न विचारता माणूस म्हणून स्वीकारणं, ही मानवी संस्कृतीची सर्वोच्च पायरी आहे. हे वाक्य धम्ममित्र मंडळ, नॉटिंगहॅम या संस्थेच्या घटनेत पहिल्या कलमात आहे आणि ते मंडळातले ज्येष्ठ कडूबाकाका यांनी स्वतः लिहिलेलं आहे. मंडळाची दोन शकलं होण्यापूर्वी ते एकमतानं मंजूर झालं. दुसऱ्या शकलाच्या घटनेतही पहिलं कलम हेच आहे, फक्त तिथे 'सर्वोच्च'च्या जागी 'अत्युच्च' आहे. फूट मात्र त्यावरून पडली नव्हती. फूट हॉलमधल्या खुर्च्यांवरून पडली. लाकडी घ्यायच्या की प्लास्टिकच्या, यावर तीन सभा झाल्या आणि शेवटी प्लास्टिकवाले डर्बीला गेले.

लाकडी खुर्च्या देणग्यांमधून आल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर देणगीदाराचं किंवा त्याच्या दिवंगत आईचं नाव आणि गाव इंग्रजीत कोरलेलं आहे. आडनावासकट. ते कुणी विचारलं नव्हतं. देणगीदार आपणहूनच सांगतो.

या हॉलमध्ये त्या शनिवारी पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. देशाचं नाव मंडळातल्या कुणालाच नीट उच्चारता येत नव्हतं, म्हणून सगळे 'तिकडे' म्हणत. तिकडे दोन मोठे समाज. मंडळाच्या सोयीसाठी एक डोंगराकडचे आणि एक किनाऱ्याकडचे. दोघांचा एकेक उमेदवार. महिनाभरात दोन बस जळल्या होत्या आणि राजधानीत डोंगराकडच्या लोकांच्या दारांवर कुणीतरी खडूनं फुल्या मारायला लागलं होतं. माणूस कुठला, हे तिकडे आडनावावरून कळतं. यात मंडळाला काही नवल वाटलं नाही.

नॉटिंगहॅममधल्या दोन्हीकडच्या लोकांना मतदान करायचं होतं. चर्च किनाऱ्यावाल्यांचं, मशीद डोंगरवाल्यांची, त्यामुळे दोन्ही जागा बाद. मग दूतावासातल्या कुणाला तरी हा बौद्धांचा हॉल आठवला. दारातल्या टेबलावर मराठी स्वयंसेवक बसणार, कारण त्यांना तिकडची आडनावं ऐकून काहीही कळणार नाही. ते फक्त मतदाराचा नंबर विचारणार. ओळखपत्र बघायचं काम आतल्या खोलीत दूतावासाचा माणूस करणार, तेही न बोलता. योजनेत एकही खोट नव्हती. तिच्यात कडूबाकाका होते, एवढंच.

मंडळाची खजिनदार मनाली भूलतज्ज्ञ. तिच्या ऑपरेशन थिएटरमधली नर्स हावा तिकडची. हावाचे वडील डोंगराकडचे, आई किनाऱ्याकडची. इथे सगळे तिला किनाऱ्याकडची समजत आणि तिनं ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. वडील गेल्यावर आई राजधानीत, किनाऱ्यावाल्यांच्या गल्लीत, बहिणीजवळ राहायला गेली होती. हावाचं आडनाव, म्हणजे वडिलांचं, इथे मोठ्यानं उच्चारलं गेलं, की रांगेतलं कुणीतरी ते व्हॉट्सअॅपवर टाकणार आणि संध्याकाळपर्यंत आईच्या दारावर फुली येणार, असा हावाचा हिशोब होता. तो चुकीचा म्हणण्यासारखी परिस्थिती तिकडे नव्हती.

"मग मत देतेसच कशाला?" मनालीनं कॅन्टीनमध्ये विचारलं होतं.

"गेल्या वेळी न देऊन पाहिलं," हावा म्हणाली. "तेव्हाही बस जळल्याच."

"फक्त नंबर विचारतील. प्रॉमिस. आमच्या काकांनी तर आडनाव विचारण्यावर बंदीच घातलीय."

त्या भरवशावर हावा आली आणि रांगेत उभी राहिली. रांग एकच होती. दोन्हीकडचे लोक मिसळून उभे होते आणि एकमेकांशी हवामानाबद्दल बोलत होते, म्हणजे बोलत नव्हते.

काका टेबलावर. सत्तरी ओलांडलेले निवृत्त केमिकल इंजिनियर, टाय, कोटाला निळी रिबन. पहिला मतदार समोर आला. त्यानं नंबर सांगितला. काकांनी तो लिहिला आणि हसून वर पाहिलं.

"वेलकम, वेलकम. सरनेम प्लीज? अँड नेटिव्ह प्लेस?"

माणूस जरा थांबला. मग त्यानं दोन्ही सांगितलं. काकांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी कळल्यासारखी मान हलवली. दुसऱ्यालाही विचारलं. तिसऱ्याला, चौथ्याला. पाचव्याशी त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! म्हणजे तुम्ही आणि ते मघाचे एकाच भागातले! आणि ते टोपीवाले वेगळे!"

हे त्यांनी इंग्रजीत, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. हॉलमधलं हवामान संपलं. रांग मधूनच विरली. काही लोक डाव्या भिंतीला जाऊन उभे राहिले, काही उजव्या. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. हावा मध्ये, खुर्च्यांजवळ एकटी उरली.

ट्राम चालवणारे एक उंच गृहस्थ गणवेशातच आले होते. ते टेबलाशी वाकून हळू म्हणाले, "सर, आमच्याकडे हा प्रश्न रस्त्यात झाड आडवं टाकून विचारतात."

"का बरं?"

"उत्तरावर ठरतं, माणसानं पुढे जायचं की नाही."

"इथे तसं काही नाही," काका म्हणाले. "इथे तुम्ही बिनधास्त पुढे जा. तर, सरनेम?"

मनाली धावत आली. "काका, अहो, विचारू नका ना!"

"अगं, आपुलकीनं विचारतोय. आल्या माणसाशी चार शब्द बोलायला नकोत?"

"तुमचंच कलम आहे, पहिलं!"

"ते सभासदांसाठी. हे पाहुणे आहेत."

हाच प्रश्न औरंगाबादेत घरमालकांनी आपुलकीनं विचारल्यामुळे काकांना तरुणपणी खोली मिळाली नव्हती. कलम त्यातूनच आलं होतं. पण प्रश्न ज्याला आयुष्यभर विचारला गेला, त्याच्या तोंडातही तो बसतोच. आणि टेबलाच्या या बाजूला बसायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

चिटणीस धम्मशीलाताई सॉलिसिटर. हॉलमधल्या दोन भिंती पाहून त्यांनी मंडळाला ठाऊक असलेला एकमेव उपाय केला. "थांबा. ठराव घेऊ. आडनाव विचारण्याच्या प्रकाराचा हे मंडळ निषेध करतं. सूचक?"

"मी," मनाली म्हणाली.

"अनुमोदक? सम्यक?"

सम्यक इथेच जन्मलेला, फिजिओथेरपिस्ट. "अनुमोदक म्हणजे काय, ताई?"

"सेकंड कर."

"ओके, मी सेकंड करतो. पण तो रांग बघा ना, ती तुटला."

"विरोधात?"

काकांनी हात वर केला. ठराव बहुमतानं मंजूर झाला. मग 'निषेध' फार कडक होतो का, 'खेद' चालेल का, यावर धम्मशीलाताई आणि मनाली बोलत राहिल्या. काकांनी पेन उचललं. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होईपर्यंत ठराव लागू होत नाही. तेही कलम त्यांचंच होतं.

"नेक्स्ट, प्लीज."

पुढे हावाच होती. डाव्या भिंतीनं आणि उजव्या भिंतीनं तिच्याकडे पाहिलं. दोघातिघांच्या हातात फोन होते. तिनं नंबर सांगितला.

"व्हेरी गुड. सरनेम?"

हावानं मान वळवली. शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर अक्षरं होती. इन लव्हिंग मेमरी ऑफ शांताबाई वाहुळे, वैजापूर.

"वाहुळे," ती म्हणाली.

काकांचं पेन थांबलं, पण तोंड थांबलं नाही. त्यांच्या तोंडून शुद्ध मराठीत निघालं, "कुठले वाहुळे?"

हावाला मराठी येत नव्हती. पण या सुरातला प्रश्न तिला ठाऊक होता. तिनं खुर्चीची दुसरी ओळ वाचली. "वैजापूर."

"वैजापूरचे! म्हणजे आमच्या शांताबाईंच्या..." एवढं बोलून काका खुर्चीकडे बघायला लागले.

तेवढ्यात ट्रामवाले गृहस्थ हावाच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा लावला आणि दुसरी खुर्ची सावकाश वाचली. "खरात. फ्रॉम मेडनहेड."

उजव्या भिंतीपाशी कुणीतरी हसलं. डाव्या भिंतीजवळची एक बाई पुढे आली आणि लोखंडे झाली. मग भिंती सुटल्या. लोक खुर्च्यांमधून फिरून नावं वाचायला लागले. एक डोंगरवाला आणि एक किनाऱ्यावाला यांच्यात 'पगारे' कुणी घ्यायचं यावरून जरा वाद झाला. पण तो त्या दिवसातला सगळ्यात सभ्य वाद होता. शेवटी मोठे पगारे आणि धाकटे पगारे असं ठरलं.

चौथ्या वाहुळेनंतर काकांनी रुमाल काढून चष्मा पुसला. त्यानंतर मतदान संपेपर्यंत त्यांनी फक्त नंबर विचारला आणि तोही मान खाली घालून.

हावा आत गेली. आतल्या माणसानं तिचं ओळखपत्र पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि ठरल्याप्रमाणे काहीही न बोलता मतपत्रिका दिली. तिनं मत दिलं. बाहेर आल्यावर मनालीनं तिला घट्ट मिठी मारली आणि धम्मशीलाताईंनी तिला समोसा दिला.

दूतावासानं अहवालात मतदान शांततेत पार पडल्याचं आणि यजमान समाजाची आडनावं मतदारांमध्ये लोकप्रिय असल्याचं म्हटलं. मंडळानं इतिवृत्तात 'खेद' ठेवला.

संध्याकाळी हावानं आईला फोन लावला. सगळं सांगितलं. काका, खुर्ची, वाहुळे. आई बराच वेळ हसत होती.

"पण स्वतःचं आडनाव का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"तुझ्या गल्लीत कळलं असतं ना!"

"गल्लीत काय कळायचं राहिलंय?" आई म्हणाली. "मी राहायला आले त्याच दिवशी तुझ्या वडिलांची पाटी दारावर लावली. पितळेची आहे."