वर कुठली बाजू

"काका, पाणी मारू नका! बंद करा, बंद करा आधी!"

खंडूने हातातला पाइप बाजूला वळवला, तोवर अर्धंअधिक पाणी त्याच्या हाताखालच्या समाधानच्या पँटवर गेलं होतं. नळीतून निघालेला माल स्वच्छ धुवायचा आणि पेटीत ओळीने मांडायचा, हे खंडू तरुणपणापासून करत आला होता. दगड असला तर धुतल्यावर असा चमकायचा की साहेबलोक हौसेने त्याचे फोटो काढायचे. आणि ही चष्मेवाली मुलगी चिखलाला पाणी लागेल म्हणून ओरडत होती.

"ताई, नुसता चिखल हाय ह्यो," खंडू म्हणाला.

"मला तोच हवाय!"

भाईंदरजवळ मुर्ध्याच्या खाडीलगत टॉवर उठायचे होते. त्याआधी खाली किती खोलवर काय आहे, हे पाहायला बोअर मारायचं काम खंडूचं. तीन पायांची लोखंडी घोडी उभी करायची, विंचने वजन उचलून आपटायचं, नळी खाली ठोकायची आणि वर ओढून आतली माती काढायची. परभणीकडून आल्यापासून त्याने हेच केलं होतं. मीरा-भाईंदरातल्या कितीतरी इमारतींच्या जन्माआधी खंडू त्यांच्या पायाखाली जाऊन आला होता, पण काम झालं की भोक बुजवायचं हा नियम. गवंड्याला भिंत दाखवता येते, सुताराला दार दाखवता येतं. खंडूकडे दाखवायला काही नव्हतं. मालक काय करतात, असं शेजारणीने विचारलं की त्याची बायको तुळसाबाई सांगायची, "भोकं पाडतात आन् बुजवतात." चाळ खो खो हसायची. खंडूही हसायचा, पण त्याला ते लागायचं.

चष्मेवालीचं नाव समिधा. राहायला मीरा रोडला, विद्यापीठात संशोधन करायची. बिल्डरच्या ऑफिसचे उंबरे झिजवून तिने या चिखलाची परवानगी मिळवली होती. इंजिनीयर तिच्याकडे ढुंकून पाहत नसे, त्यामुळे ती आपली खंडूशीच बोलायची.

"वरचा काळा चिखल समुद्राचा, आणि अगदी खालची पिवळी माती जमिनीची," तिने त्याला समजावलं. "हिमयुग संपत होतं ना काका, तेव्हा इथे खाडीच नव्हती. समुद्र पार तिकडे, उत्तनच्या किनाऱ्याच्याही कितीतरी पलीकडे होता. बर्फ वितळत गेलं तसं पाणी चढत चढत इथवर आलं."

"हितं बर्फ पडायचा?"

"इथे नाही, लांब ध्रुवांकडे. इथे हवा जरा थंड आणि कोरडी होती एवढंच. मग ती तापत गेली, समुद्रही तापत गेला. आता मला शोधायचंय की आधी कोण तापलं, जमीन की समुद्र. आणि कोण किती."

"त्यात काय शोधायचं? जमीन," खंडू म्हणाला. "आमच्या घराचा पत्रा सकाळीच भाजतोय. टाकीतलं पाणी दुपारपर्यंत गारच असतंय."

समिधा हसली. "आमचे सरही असंच म्हणतात. पण नुसतं म्हणून चालत नाही हो, दाखवावं लागतं. पिवळ्या मातीच्या वर हा जो काळा थर आहे ना, त्यात बारीक शिंपले आहेत, ते पाण्याची गोष्ट सांगतात. आणि झाडांचे परागकण आहेत, ते जमिनीची सांगतात. दोन्ही एकाच नळीत सापडलेत मला. खालून वर वाचत जायचं, जुन्याकडून नव्याकडे."

एके दिवशी नळी नेमकी त्या काळ्या थरातून वर आली. समिधा फोनवर बोलायला लांब गेली होती. खंडूला वाटलं, ती येईस्तोवर माल काढून ठेवावा, पोरगी खूश होईल. त्याने समाधानला नळी आतला माल बाहेर ढकलणाऱ्या जॅकवर चढवायला सांगितली आणि स्वतः अर्धा चिरलेला प्लास्टिकचा पाइप पुढे धरला. चिखल अख्खाच्या अख्खा बाहेर आला, कुठे भेगसुद्धा नाही. समिधा परत आली ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत.

"काका, वर कुठली बाजू?"

"ही," खंडूने बेधडक बोट ठेवलं.

"नक्की ना? दोन्ही टोकं सारखीच काळी दिसतायत. तुमच्या शब्दावर चाललेय मी." तिने प्लास्टिक गुंडाळून मार्करने त्यावर बाण काढला आणि ती लांबलचक वस्तू मांडीवर घेऊन रिक्षाने निघून गेली.

"माझा चिखल आज युनिव्हर्सिटीत गेला," खंडूने घरी सांगितलं.

"मंग आता खुर्चीत बसून जेवा," तुळसाबाई म्हणाली. पण तिने दोनदा विचारून घेतलं, त्या चिखलाचं पुढे काय करणार म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर चहा पिताना समाधान सहज म्हणाला, "काल लई वैताग आला दादा. जॅकच्या त्या अंगाला ही दलदल, उभं राहता येईना. शेवटी नळी उलटी फिरवून चढवली."

नळीच्या धारेकडून, म्हणजे खालच्या टोकाकडून, दाब द्यायचा आणि वरचं टोक आधी बाहेर काढायचं, ही खंडूची पद्धत. त्याच हिशोबाने आधी बाहेर आलेल्या टोकावर त्याने बोट ठेवलं होतं. म्हणजे बाण उलटा निघाला होता. समिधा ती गोष्ट शेवटाकडून वाचणार होती. तापत गेलेलं जग तिच्या कागदावर थंड होत जाणार होतं आणि आलेला समुद्र परत जाणार होता.

"आपल्या रिपोर्टला काय फरक पडतोय?" समाधान म्हणाला. "कुणाला कळणार हाय? सोडा ना."

खरंच कुणाला कळणार नव्हतं. सांगितलं तर ती पोरगी पुन्हा आपल्याला काही विचारणार नाही, हे खंडूला स्वच्छ दिसत होतं. इतक्या वर्षांत त्याच्या शब्दावर कुणी पहिल्यांदा काही ठेवलं होतं आणि तेच तो हाताने घालवणार होता. नाही सांगितलं तर ती येत राहील, काका काका करत विचारत राहील, आणि आपल्याला तिच्याकडे बघता येणार नाही. हे दुसरं त्याला जास्त जड वाटलं. त्याने चहा अर्धा टाकला आणि फोन लावला.

"ताई, कापलं का ते?"

"आत्ता घेतेच आहे कापायला. का हो?"

"थांबा. बाण उलटा हाय."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नक्की?"

"नक्की. माझी चूक हाय. न बघता बोललो." समाधानचं नाव त्याने घेतलं नाही.

"बरं. ठेवते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. आपलं तिच्याकडचं खातं संपलं, हे खंडू धरूनच चालला होता.

जेवणानंतर साइटच्या गेटवर रिक्षा थांबली. समिधा उतरली, कालची ती लांबलचक वस्तू तशीच सांभाळत.

"मला कधीतरी कळलं असतं काका," ती आल्या आल्या म्हणाली. "पण तोवर वर्ष गेलं असतं आणि नमुनाही संपला असता. फोनवर काय बोलावं तेच सुचेना मला. चला, हा तुमच्यासमोर कापते. बाण मात्र तुम्ही काढायचा."

खंडूने समाधानला हाक मारली, जॅकपाशी कालच्यासारखं उभं केलं, नळी कशी फिरवली ते करून दाखवायला लावलं. मग पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. समाधान वैतागून विंचकडे निघून गेला. खंडूने पँटला हात पुसले आणि बाण काढला. रेघ थोडी वाकडी आली.

"पुढच्या बोअरलाही येणार आहे मी," समिधा म्हणाली. "तेव्हाही तुम्हालाच विचारणार. फक्त बघून सांगा."

"बघूनच सांगणार," खंडू म्हणाला.

साइट ऑफिसच्या टेबलावर तिने स्वच्छ कागद पसरला, बारीक तार ताणून चिखलातून उभी ओढली आणि दोन्ही भाग हळूच उघडले. काळ्याभोर चिखलात एक पान आडवं पडलं होतं. तिवराचं असावं. त्याच्या शिरासुद्धा दिसत होत्या आणि ते हिरवं होतं, कालपरवा फांदीवरून गळाल्यासारखं.

"अगं बाई," समिधा पुटपुटली. "समुद्र इथे पोहोचला तेव्हाचं आहे हे."

खंडू वाकून बघतच राहिला. आयुष्यभर त्याने हा चिखल उपसला होता आणि पाण्याने धुऊन गटारात सोडला होता.

"नीट बघून घ्या काका, हवा लागली की रंग जातो त्याचा."

खंडू दारात धावला. "समाधान! अरे पळत ये! सगळं टाकून ये!"

समाधान विंच थांबवून, चिखल तुडवत येईपर्यंत पानाच्या कडा काळ्या पडल्या, मग मधली शीर काळी पडली. तो टेबलाशी पोहोचला तेव्हा पान कुठलं आणि चिखल कुठला, हे सांगावं लागत होतं.

"काय हाय?" समाधानने धापा टाकत विचारलं. "काळंच तर हाय."

"हिरवं व्हतं," खंडू म्हणाला. "म्या पाह्यलंय."