बोटांवर उजेड

“डोळ्यात नको गं सूनबाई, बोटांवर पाड उजेड. बोटांवर!”

घरच्या घरी बांधलेल्या गाडीच्या मागच्या सीटखाली फिटर खांद्यापर्यंत शिरला होता. सून एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्या हातातला मीटर वाचत होती. खिडकीशी भांडी विसळणाऱ्या फिटरीणबाईंना सगळं दिसत होतं, आणि ऐकू तर त्याहून जास्त येत होतं.

टॉर्च धरणं हे त्यांचं काम होतं. लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचं. शेजाऱ्यांचा पंप असो की घरातला मिक्सर, फिटरने पाना उचलला की बाईंचा हात टॉर्चकडे जाई. त्याचं बोट वळायच्या आधी उजेड वळे. मग कारखाना सुटला, फिटरने भंगारातली मोटर आणि जुन्या बॅटऱ्या आणून ही गाडी आरंभली आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, “तू बस गं निवांत. मीटरचे बारीक आकडे तुला नाही दिसायचे.” मीटर सुनेकडे गेला. पाठोपाठ टॉर्चही गेला, तो मात्र कुणी न विचारता.

“बाबा, सगळ्या बॅटऱ्या सारख्याच दाखवतायत. एकीतही खोट नाही.”

“मग चढाला मरते का ही? आणि चार्जर? लावला न लावला तोच हिरवा दिवा!”

“तुमच्यावरच गेलीय गाडी. दोन घासांत पोट भरलं म्हणायचं आणि जिना चढताना धापा टाकायच्या.”

फिटर खो खो हसला. खिडकीत एक पातेलं जरा जोरातच आपटलं.

खोट कुठे आहे, ते बाईंना ठाऊक होतं. परवा सकाळी तिघं चक्कर मारायला निघाली. पुढे सासरा-सून, मागे त्या एकट्या. चढ लागला तशी सीटची डावी कड खालून तापली, इस्त्री ठेवावी तशी. चढ संपायच्या आत गाडी बसली. ढकलत घरी आणून मीटर लावेपर्यंत ती जागा थंडगार. बाई बोलल्या नाहीत. सकाळी पूजा आटपेपर्यंत त्यांचं मौन असे. पण त्यानंतर पूजा आटपली, दुपार झाली, संध्याकाळही झाली. सकाळचं मौन देवासाठी होतं. पुढचं कुणासाठी, ते देवालाही सांगायची सोय नव्हती. सापडू दे की त्या हुशार सुनेलाच!

दुसऱ्या दिवशी त्या पूजेला बसल्या आणि उदबत्तीच्या वासातून दुसराच वास आला. रबर जळल्याचा. गाडी चार्जिंगला लावलेली होती. हातातलं फूल तसंच ताटात टाकून बाई धावल्या, बटण बंद केलं, सीट वर करून डाव्या कोपऱ्यात हात घातला आणि बोट पोळून मागे घेतलं. जळून गेलं असतं सगळं. फिटर रोज तासन्‌तास तिथेच तर डोकं घालून बसायचा. 

“कुणी बंद केला गं चार्जर? सूनबाई, तू का?” फिटर आतून आला तो वासावरच आणि कुणाकडे न बघता थेट सीटखाली शिरला. “दाखव, उजेड दाखव लवकर!”

सून मीटर आणायला घरात गेली होती. टॉर्च चाकापाशी पडला होता. बाईंनी तो उचलला. उजेड आधी फिटरच्या बोटांवर पडला, मग हळूच सरकत डाव्या कोपऱ्यात गेला आणि शेवटच्या बॅटरीच्या जोडावर जाऊन थांबला.

“अरेच्चा! नट ढिला! म्हणून तापत होता लबाड, आणि मीटर लावला की थंड होऊन साळसूद!” फिटरचा आवाज सीटखाली घुमला. “शाबास सूनबाई! आता जमलं हो तुला. अगदी सासूसारखा धरलास उजेड.”

सून मीटर घेऊन दारात आली होती. तिचे ओठ उघडले. बाईंनी पोळलेलं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. पूजा अजून व्हायची होती.

पान्यासाठी फिटरचा हात मागे आला. सुनेने पुढे होऊन आवाज न करता त्यात पाना ठेवला.

बाईंच्या बोटावर फोड टरारून येत होता. उजेड मात्र तसूभरही हलला नाही.