ताकदीचं दूध

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्हाला एक मोठा भाऊ आहे. गावात त्याच्यासारखं कोणी पळत नाही. पोलीस भरतीसाठी तो रोज सकाळी मैदानावर जातो. आणि एके दिवशी तोच भाऊ घराची पायरी उतरताना भिंत धरतो. तुम्ही काय म्हणाल? पळून पळून गुडघा दुखला असेल. पोंभुर्ण्याजवळच्या त्या गावात सगळे हेच म्हणाले आणि सगळे चुकले.

भावाचं नाव राजदीप. त्याची बहीण संघप्रिया सहावीत होती. पोरांची तयारी करून घ्यायचे बापूराव. एक रुपया घेत नसत, म्हणून गावात त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. पळून झालं की प्रत्येकानं त्यांच्या शेळ्यांचं कच्चं दूध प्यायचं, हा त्यांचा नियम. "उकळलं का ताकद जाते," ते म्हणत. राजदीपचा गुडघा सुजला तेव्हा त्यांनी त्याला एकाऐवजी दोन पेले पाजले.

दुखणं गुडघ्यातून खुब्यात गेलं, मग कमरेत. संध्याकाळी अंग तापायचं आणि सकाळी बनियन पिळून काढावं इतकं ओलं असायचं.

"काऊन रे, वरातीतल्या म्हाताऱ्यावानी चालून राह्यला?" बापूराव मैदानावर ओरडले. "भरती आली का बरोबर याचे पाय दुखते!"

पोरं खिदळली. भावाला न्यायला आलेली संघप्रिया पुढं झाली. "त्याले रोज ताप येते, सर."

"तू पयले नाक पूस."

गावातल्या डॉक्टरनं राजदीपचे बूट पाहिले आणि मलम लिहून दिलं. गुडघा पाहायला थोडं वाकावं लागतं, मुलांनो. तेवढंही तो वाकला नाही. राजदीप मात्र पळत राहिला, कारण कामचोर म्हणवून घेण्यापेक्षा दुखणं त्याला सोपं वाटलं.

शेवटी एका सकाळी त्याला अंथरुणावर उठून बसता येईना. आई, मनकर्णाबाई, दोघांना घेऊन चंद्रपूरच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाय हळूच वळवून पाहिला. राजदीप किंचाळला. ताप, घाम, सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "घरी शेळ्या-गाई आहेत?"

"नाई," आई म्हणाली.

"कच्चं दूध कुठे पितो?"

"मैदानावर," संघप्रिया म्हणाली. "सरांच्या शेळ्यांचं."

"त्यातल्या एखादीनं दिवस भरण्याआधीच गाभ टाकला होता?"

"दोघींनी. सर म्हणाले, नजर लागली."

डॉक्टरबाईंनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. आजाराचं नाव निघालं ब्रुसेलोसिस. या आजारानं शेळ्यांचा गाभ पडतो, आणि आजारी जनावराच्या कच्च्या दुधातून त्याचे जंतू माणसात येतात; दूध उकळलं की ते मरतात. पुष्कळदा आधी सांधेच दुखतात. आजार फारसा आढळत नाही, म्हणून तो कोणाला सुचत नाही, आणि तोवर सांधा झिजत राहतो. राजदीपला कित्येक आठवडे औषधं घ्यावी लागणार होती. यंदाची भरती गेली. पुन्हा पळता येईल का, यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "महिनाभर आधी आणायला हवं होतं."

संघप्रियानं ते ऐकलं. गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

आईनं बापूरावांना सगळं समजावून सांगितलं. ते हसले. "आमचा बाप हेच दूध पेऊन नव्वद वर्सं जगला, मनकर्णाबाई. पोट्ट्यात दम नाई, तर शेळीले काऊन दोष देता?"

दुसऱ्या दिवशी पोरं पळून आली, पेले हातात घेऊन ओळीत उभी राहिली. सर्वांत पुढं राजदीपसोबत पळणारा गोपाल होता. तो एका हातानं गुडघा चोळत होता.

संघप्रिया मैदानात शिरली, ती घरातलं मोठं पातेलं, म्हणजे गंज, आणि काडेपेटी घेऊनच. तिनं तीन विटा मांडल्या, काटक्या पेटवल्या, दुधाचा कॅन ओढून घेतला आणि सगळं दूध गंजात ओतलं.

"ए पोट्टे! हे काय करून राह्यली?"

"उकळून राह्यली."

"माझं दूध हाय ते!"

"दूध तुमचं हाय. पाय या पोरांचे हायेत."

बापूराव तिच्या अंगावर धावून आले. गोपालनं हातातला पेला खाली ठेवला आणि तो मधे उभा राहिला. संघप्रियानं मान वर करून पाहिलंही नाही. ती खाली वाकली आणि जाळावर जोरात फुंकर घातली.