साक्षीची पट्टी

मित्रांनो, आधी माझ्या पाठीवरचा हा मोबाइल कोणीतरी उचला, म्हणजे मला मोकळेपणाने बोलता येईल. मी एक जुनी बाजाची पेटी आहे. उरणजवळच्या एका गावात, सीतारामआजोबांच्या पडवीत माझा मुक्काम असतो. मधली दोन वर्षे माझा उपयोग एवढाच होता: पाठीवर पाण्याचा तांब्या, तांब्याला टेकून मोबाइल आणि मोबाइलसमोर आजोबांची नात साक्षी. ती गायची, आणि सूर द्यायला जन्मलेली मी खाली गप्प. भाता हलवल्याशिवाय मला बोलताच येत नाही. किती चिडचिड व्हायची म्हणून सांगू!

मला मुंबईतल्या एका कारागिराने घडवले. माझ्या पोटात पितळेच्या बारीक जिभा आहेत. त्यातली एकेक त्याने कानाशी धरून ऐकली, कानशीने घासली, पुन्हा ऐकली. आजोबा तेव्हा तरुण होते. भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराला येणाऱ्या लाँचमध्ये त्यांनी मला मांडीवर घेतले आणि खारे पाणी उडू नये म्हणून अंगातला सदरा काढून माझ्यावर टाकला. घरी आले ते बनियनवर. इंदूबाई दारातच म्हणाल्या, "बायकोवर कदी असा सदरा न्हाय टाकलाव!"

मग मी खूप वाजले. विहारात, जयंतीला, नामकरणात, लग्नात. आजोबांची एक रीत होती. नवे मूल गायला बसले, की ते आधी मला वाजवत नसत. "तू म्हन, मी येतो मागनं," म्हणत. मूल गाऊ लागे आणि आजोबांची बोटे माझ्यावर त्याचा सूर शोधत फिरत. सापडला, की सांगत, "ही तुजी पट्टी. हितं तू सुखानं गाशील." माझ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतली कोणाची पांढरी चार, कोणाची काळी पाच. साक्षीची निघाली काळी तीन. जरा खालची, पण भरलेली आणि घुमणारी.

मोबाइलचा मला आधी राग नव्हता, हे खरे सांगते. साक्षीचे पहिले गाणे माझ्यासोबतच त्यात गेले. पनवेलला अंथरुणाला खिळलेली इंदूबाईंची बहीण ते दिवसभर लावून ठेवायची. साक्षी चार बोटे उंच झाल्यासारखी चालत होती. मीही मनातून फुगले होते.

पण त्याच गाण्याखाली कोणीतरी लिहिले, "आवाज आहे की भोंगा?" दुसऱ्याने तिच्या रंगावर लिहिले. ती माणसे कोण, कुठली, तिला ठाऊकही नव्हते. तिने गाणे काढून टाकले. पुढच्या गाण्यात तिने चेहरा गोरा करणारे बटण दाबले आणि आवाज गुळगुळीत करणारेही. माझी जागा एका तयार ट्रॅकने घेतली. तो काळी पाचचा होता, तिच्या गळ्याला फार उंच. पण बटण सगळे सावरून घेई. चाळीस हजार लोकांनी ते पाहिले. त्या दिवसापासून ती मोबाइलमधला चेहरा बघे, मग भिंतीवरच्या आरशात बघे, आणि आरसा उलटा करून ठेवी.

एक दिवस मंडळाचा धनेश आला. "काका, बुद्धपौर्णिमेला आपल्या साक्षीचं गाणं ठेवलंय. बॅनर पण लागला नाक्यावर. रीलमधलाच फोटो घेतला, एकदम भारी!"

इंदूबाई नाक्यावर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अवो, त्या बॅनरवर कोन पोरगी हाय? आपली साक्षी कुठं हाय?"

साक्षी आत पळाली. आजोबा दाराशी गेले, तर आतून म्हणाली, "मी नाय गाणार. नायतर ट्रॅक लावा, मी ओठ हलवते."

"विहारात बसून ओठ हलवशील?"

"मग काय करू? सगळे बोलतील, फोटोतली वेगळी, ही वेगळी. तुम्हाला नाय कळणार, आजोबा."

"न्हाय कळत. म्हनून तर इचारतो. भायेर ये गो बाय."

ती आली. आजोबांनी दोन वर्षांनी माझ्यावरचा तांब्या उचलला. माझा भाता कुरकुरला. साक्षीने हट्ट धरला, की ट्रॅकचीच पट्टी हवी. आजोबांनी काळी पाच दिली. दुसऱ्याच ओळीत तिचा आवाज फाटला.

"बघा!" ती रडायला लागली. "माझा आवाजच खराब हाय."

"आवाजाला काय धाड भरलीय? पट्टी तुजी न्हाय ती. उतर खाली."

ते एकेक पट्टी खाली आले. मला आनंद होत होता, आता काळी तीन! आजोबांनी ती दाबली आणि मी... मी मुकीच राहिले. दोन वर्षे झाकून पडले होते, मित्रांनो. खाऱ्या हवेने लाकूड फुगले होते, पितळ हिरवे झाले होते. ज्या क्षणाची वाट बघत बसले, त्याच क्षणी दगा दिला. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

आजोबांनी माझे झाकण उघडले. आत काळोख. "दिसत न्हाय काय," ते पुटपुटले. साक्षीने डोळे पुसले आणि मोबाइलची बॅटरी लावून माझ्या पोटात धरली. हो, त्याच मोबाइलची! आजोबांनी जुन्या ब्रशने पितळ घासले, पट्टीच्या कडा साफ केल्या. साक्षी वाकून बघत होती.

"आजोबा, या जिभा सगळ्या वेगळ्या का? लहान, मोठ्या?"

"एकसारख्या केल्या तर एकच सूर वाजंल की."

आजोबांनी पुन्हा काळी तीन दाबली. मी आधी खरखरले, मग बोलले. साक्षी गायली. पनवेलच्या आजीने ऐकला होता, तोच आवाज.

पौर्णिमेला ती विहारात माझ्याशेजारी बसली. मागून एक मुलगी म्हणाली, "बॅनरवरची हीच का?" साक्षीचा हात माझ्या कडेवर घट्ट झाला. पण तिने गाणे सुरू केले, आणि दुसऱ्या ओळीला हात सैल पडला.

ते गाणे तिने कोणतेही बटण न दाबता मोबाइलवर टाकले. तीनशे जणांनी पाहिले. पुन्हा एकाने लिहिले, "भोंगा." मला वाटले, झाले, संपले! तिने ते वाचले, तोंड पाडले आणि मोबाइल माझ्या पाठीवर ठेवायला आली. मग थांबली. तो खिडकीत ठेवला आणि माझा भाता उघडला.

आज मात्र घाईत पुन्हा माझ्यावरच ठेवून गेलीय! म्हणून विनवते, मित्रांनो. मोबाइल जरूर वापरा, अंधारात त्याचा उजेड मलाही उपयोगी पडला. पण तुमची पट्टी कोणती, ते त्याला विचारू नका. ते जवळच्या माणसासमोर मोकळ्या गळ्याने गाऊन बघा. आणि घरात माझ्यासारखी एखादी पेटी असेल, तर तिला रोज थोडी हवा द्या. न वापरलेला सूर फार लवकर चिकटतो.