दोनदा दाबलेला क्लच

लायसन्सच्या परीक्षेत टेलरबाई दोनदा नापास झाल्या होत्या. दोन्ही वेळा गिअर टाकताना जुन्या व्हॅनने असा काही करकराट केला, की साहेबांनी कागदावर सरळ लिहून टाकलं, क्लचवर ताबा नाही. तिसरी परीक्षा उद्या अकरा वाजता होती. या खेपेला जमलं नाही तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं बाईंनी मनाशी ठरवलं होतं.

नवरा गल्लीतला नावाजलेला मेकॅनिक. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. बायको काय सांगते ते मात्र त्याला दोन महिने ऐकू आलं नव्हतं. "अहो, क्लच नीट लागत नाहीये," असं म्हटलं, की हा स्वतः बसायचा आणि गिअर अलगद पडायचा.

"बघ! गाडी ठणठणीत आहे. तुझाच पाय कच्चा आहे गं."

हेच तो गॅरेजमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यालाही हसत सांगायचा. बाई वरवर हसायच्या, पण ते लागायचं त्यांना. ज्या पायाने तीस वर्षं शिलाई मशीन चालवलं, तो पाय कच्चा?

परीक्षेच्या आदल्या दुपारी तो म्हणाला, "एकदा शेवटचं बघून घे, मी कसं करतो ते."

बाई शेजारी बसल्या. शिवण शिकायला येणाऱ्या मुलींच्या हाताकडे त्या कधी बघायच्या नाहीत, पायाकडे बघायच्या. सवयीने नजर नवऱ्याच्या पायाकडे गेली.

"अहो, पुन्हा करा."

त्याने केलं.

"आणखी एकदा."

"आता काय दिवसभर हेच करत बसू?"

"तुम्ही क्लच दोनदा दाबता."

"काहीतरीच! एकदाच दाबतो."

"आधी हळूच एकदा, मग पूर्ण. मला मात्र एकदाच दाबायला शिकवलंत."

त्याने जाणूनबुजून एकदाच दाबून पाहिलं. गिअर करकरला. मेकॅनिकचा चेहरा अगदी बघण्यासारखा झाला. त्याचा पाय कधीपासून या गाडीला सांभाळून घेत होता, याचा त्याच्या डोक्याला पत्ताच नव्हता.

मग तो गाडीखाली शिरला. क्लचच्या खालच्या सिलिंडरची रबरी टोपी बाजूला करून त्याने बोट घातलं, तर बोट तेलाने ओलं. आतलं रबर झिजलं होतं. तेल झिरपत होतं आणि त्या जागी हवा शिरत होती. पहिल्या दाबाला नुसती हवाच दबायची, क्लच सुटायचा तो दुसऱ्या दाबाला. तो तसाच काळ्या हातांनी स्पेअर पार्टच्या दुकानात गेला, नवं रबर आणलं आणि बसवलं.

आता एअर काढायची होती, आणि ते एकट्याचं काम नव्हे. बाई पेडलवर, नवरा खाली, सिलिंडरच्या नटाला लावलेल्या नळीचं टोक तेलाच्या बाटलीत.

"दाब."

"पाय कच्चा आहे हो माझा. जमेल ना?"

"दाब गं. आता धरून ठेव."

त्याने नट सैल केला, बाटलीत बुडबुडे आले, नट आवळला. "सोड." असं दहा-बारा वेळा झालं. बुडबुडे कमी होत गेले, पेडल घट्ट होत गेलं. मध्येच खालून पुटपुटणं ऐकू आलं.

"काय म्हणालात?"

"चुकलं माझं."

"खालचं नीट ऐकू येत नाही इथे."

"चुकलं म्हटलं!" तो इतक्या जोरात ओरडला, की समोरच्या रंगाच्या दुकानातली माणसं बाहेर आली. बाईंचे डोळे भरून आले, पण पाय पेडलवरून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद उघडला. "ही तिसरी वेळ ना?"

बाई काही बोलायच्या आत मेकॅनिक पुढे झाला. "साहेब, आधी दोन्ही वेळा मी नापास झालो होतो. ही आज पहिल्यांदाच परीक्षा देतेय."

"व्हा आता बाजूला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी क्लच दाबला. एकदाच.