डेलमरची फुंकर

पाचशे मीटरवर नेमबाजीसाठी पाच लोखंडी मेंढे ओळीने उभे होते. सकाळपासून त्यातला एकच काय तो पडला होता, आणि डेलमर टोस्टेन्सनच्या मते यात त्याचा स्वतःचा सोडून बाकी सगळ्यांचा दोष होता.

पहिला दोष बंदुकीच्या काळ्या दारूवर आला. हा डबा गेल्या वर्षीच्या डब्यासारखा नाही, म्हणाला. मग गोळीला चोपडायच्या चरबीवर. मेंढीची चरबी आणि मेण त्याने स्वयंपाकघरात स्वतः कढवलं होतं. त्या वासापायी कुत्रं दोन दिवस शेगडीपुढून हललं नव्हतं, पण आता ती चरबीही कुचकामी ठरली. मग बंदुकीच्या मागच्या, नेम धरायच्या शिडीचा स्क्रू ढिला निघाला. तो घट्ट केल्यावर कुंपणापलीकडची गाय उरली.

"ती माझ्याकडे टक लावून बघतेय," डेलमर म्हणाला.

"तिला पाठ फिरवायला सांगू?" व्हर्ना म्हणाली. ती खुर्चीत बसून दुर्बिणीतून गोळ्या कुठे पडतात ते बघत होती आणि सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होती. लग्नाला तीस वर्षं झालेली बाई नवऱ्याच्या बंदुकीला जेवढा मान देते, तेवढाच ती देत होती.

काडतुसं घरी भरणाऱ्या लोकांचा एक नेम असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे खोट कुठे आहे ते कळतं. डेलमरने तो नेम इमानदारीने पाळला. दारू बदलली, चरबी बदलली, शिडी अर्ध्या रेघेने वर घेतली, परत खाली घेतली. खोट कुठे आहे ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तेवढं सोडून तो सगळं बदलत होता.

त्याचं असं झालं होतं. हिवाळ्यात त्याला न्यूमोनियाने आडवं पाडलं. तो उठून बसला तेव्हा व्हर्नाने निकाल दिला, "पानगळीपर्यंत छाती सुधारली नाही तर रँच विकायची आणि बिलिंग्जला मार्लिसच्या शेजारी राहायला जायचं." मार्लिस म्हणजे व्हर्नाची बहीण. तिच्या घरात दुधाळ रंगाचा गालिचा होता, दारात बूट काढावे लागत, कुत्र्याला स्वेटर होता आणि रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला मिळे. न्यूमोनियाला डेलमर एवढा घाबरला नव्हता. तेव्हापासून तो रोज सांगत होता की छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललीय.

आता या बंदुकीची खोड अशी, की प्रत्येक बारानंतर नळीत काजळी धरते. मोन्टानाच्या कोरड्या हवेत ती वाळून कडक होते आणि पुढच्या गोळीची वाट लावते. सामन्यात दर बाराला नळी पुसत बसायला वेळ नसतो. म्हणून मागून फुंकणी लावायची आणि चारपाच लांब, सावकाश फुंकरा मारायच्या. श्वासाच्या ओलाव्याने काजळी मऊ राहते. डेलमर फुंकणी तोंडात धरत होता, गाल फुगवत होता, डोळे मोठे करत होता. आत जात काहीच नव्हतं.

त्यामुळे पुसलेल्या नळीतली पहिली गोळी मेंढ्याला लागली. दुसरी त्याच्या शेपटीमागून गेली. तिसरी डोक्यावरून.

"चौथी नॉर्थ डाकोटात पडली असेल," व्हर्ना दुर्बिणीतून म्हणाली.

"ही शिडीच वाकडी आहे."

"डेल, धूर कुठाय?"

"कसला धूर?"

"फुंकर मारली की नळीच्या पुढच्या तोंडातून उरलेला धूर निघतो. इतकी वर्षं बघतेय मी. आज नुसते तुझे गाल फुगतायत. बेडूक दिसतोयस."

"वाऱ्याने उडून जात असेल."

"मघाशी वारा पडला म्हणून कुरकुरत होतास."

डेलमरने गायीकडे बघितलं. तिच्याकडून काही मदत होण्यासारखी नव्हती. त्याला तो दुधाळ गालिचा दिसायला लागला, त्यावर आपण मोजे घालून बसलोय असं दिसलं.

"दम लागतो गं," तो शेवटी म्हणाला. "तिसऱ्या फुंकरीला डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"म्हणून कोंबड्यांना दाणे टाकायला मला पाठवतोस."

"म्हणून."

व्हर्ना उठली. तिने त्याच्या हातातली फुंकणी घेतली, टोक जाकिटाला चांगलं घासून पुसलं, कारण डेलमर तंबाखू चघळायचा. मग तिने फुंकर मारली. नळीतून धुराचा लोट बाहेर आला. मार्लिसशी तासतासभर फोनवर बोलून कमावलेली छाती होती ती. चार फुंकरा झाल्या, पाच झाल्या.

"मार आता."

डेलमरने बार काढला. धूर पसरला, क्षणभर काही नाही, मग लांबून ठण्ण आवाज आला आणि मेंढा आडवा झाला. व्हर्नाने पुन्हा फुंकलं, दुसरा गेला. असे उरलेले चारही गेले. डेलमर हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा तो मोकळेपणी खोकला. खोकला थांबल्यावर त्याने वळून बघितलं तर व्हर्नाने फोन कानाला लावला होता.

"कुणाला लावलास?"

"मार्लिसला."

त्याचं हसू तिथेच विरलं. तो खाली मान घालून रिकामी काडतुसं गोळा करायला लागला.

"मार्लिस, अगं ती तुझ्या शेजारची जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक," व्हर्ना म्हणाली. "नाही गं, बरा कुठला. साध्या तीन फुंकरा मारवत नाहीत त्याला. उद्या कानाला धरून डॉक्टरकडे नेतेय. मग काय झालं? माझी छाती आहे ना धडधाकट. नाही, शनिवारी नाही जमायचं, सामना आहे. जोडीदाराने फुंकलेलं चालतं तिथे. मी मे महिन्यातच विचारून ठेवलंय."

डेलमरच्या हातातली काडतुसं खाली सांडली. आता सप्टेंबर चालू होता.

पलीकडून मार्लिसचा आवाज चढला होता. व्हर्नाने फोन कानापासून जरा लांब धरला आणि नवऱ्याला म्हणाली, "बघत काय बसलास? जा, मेंढे उभे करून ये. आणि गाडीने जा."